माहेरची काकडी

आमच्या परसात संध्याकाळ दोनदा होते. एकदा सूर्य डोंगराआड जातो तेव्हा, आणि दुसऱ्यांदा पूर्वेकडे हिंजवडीच्या उंच इमारतींच्या काचांवर उरलेलं ऊन विझतं तेव्हा. या दोन संध्याकाळींच्या मधली दहा-पंधरा मिनिटं मी काही करत नाही. हातात झारी असली तरी ती तशीच लोंबकळत राहते. गुलबक्षी नेमकी याच वेळात उमलते, पण उमलताना ती मला अजून एकदाही सापडलेली नाही. नजर टाकून बसावं तोवर मिटलेली असते, आणि रस्त्यावर कंपनीच्या गाडीनं हॉर्न दिला म्हणून मान वळवली की उघडलेली असते. माझ्या सासूबाई म्हणतात, फुलाला बघनारं मानूस नको आसतं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. परस त्यांचं. म्हणजे सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे ते असो, पण वांग्याला पाणी कधी द्यायचं आणि कुठल्या वाफ्यात पाय ठेवायचा नाही, हे ठरवणार त्या. हिंजवडीजवळच्या चांदे गावाच्या अंगाला आमचं घर. शेती होती ती हळूहळू विकली गेली. खायच्या इंद्रायणी भातापुरता एक तुकडा राहिला, आणि घराच्या मागची भिंत ते भाड्याच्या तीन खोल्या यांच्या मधली ही जागा राहिली. लांबी चौदा पावलं, रुंदी नऊ. मी मोजली आहे. मोजण्याची आणि आवरण्याची मला खोड आहे, आणि पुढचं सगळं रामायण त्या खोडीनंच घडवलं.

लग्नाला अठरा वर्षं झाली तरी मी या घरात पाहुणीच होते. गणपतीला चार दिवस, दिवाळीला दोन. बाकी आमचा संसार पुण्यात, माझ्या आईजवळ. ती एकटी होती आणि मी एकुलती एक, त्यामुळे कुणी त्याबद्दल वाकडं बोललं नाही. सहा वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आई गेली. तिची भाड्याची दोन खोल्यांची जागा मालकाला परत दिली, आणि दिवाळीला आम्ही चांद्याला आलो ते सामानसुमानासकट. चुलीपाशी पाट टाकून आत्यांनी मला विचारलं होतं, "जेवलीस का न्हाई?" ते विचारणारं माणूस जगात आता एवढं एकच उरलंय, हे मला त्या पाटावर बसताना कळलं.

ते पहिले महिने मला अर्धवट झोपेत घालवल्यासारखे आठवतात. सकाळी धुकं परसात शिरायचं आणि दहा वाजेपर्यंत हलायचं नाही. धुक्यात आधी आवाज यायचे: कोथिंबिरीवर पाणी मारल्याचा, आत्यांच्या बांगड्यांचा, खोल्यांतल्या भाडेकरूंच्या कुकरचा. मग केव्हातरी शेवंती दिसू लागायची, तीही आधी पिवळी नव्हे तर नुसती उजळ. मोरीचं पाणी अळूकडे जायचं, अळवाचं उरलेलं केळीकडे. पावट्याच्या वेलावर हात फिरवला की हाताला येणारा तो तेलकट, हिरवा वास दुपारपर्यंत जायचा नाही. मी त्या वासाचा हात नाकापाशी धरून बसायची आणि आई गेल्याचं विसरायची, निदान काही वेळ. मला तेव्हा परसातलं काही येत नव्हतं. आत्या सांगतील ते करायचं, आणि काही सांगितलं नाही तर आवरायचं.

माघ गेला, फाल्गुन गेला. वाफे पांढरे पडले, एक लाल माठ आणि मोगरा तेवढा तग धरून राहिला. वैशाखात एका खोलीत नवीन बिऱ्हाड येणार होतं, नवरा-बायको दोघंही नोकरीवाले. आत्या चार दिवस लेकीकडे गेल्या होत्या. मी मनात म्हटलं, त्या यायच्या आत घराची मागची भिंत रंगवून घेऊ. त्या भिंतीला छपराखाली शेणाच्या चपट्या गोवऱ्या लागलेल्या होत्या, तळहाताएवढ्या, ओळीनं सात. म्हैस विकून वर्षं झाली होती. मला वाटलं, जुन्या काळच्या राहून गेल्या असतील. मी उलथन्यानं एकेक खरवडली. टाकून कशाला द्यायच्या, म्हणून अंघोळीच्या पाण्याच्या बंबात घातल्या. दोन दिवस छान कढत पाणी मिळालं. भिंतीला फिकट पिस्त्याचा रंग दिला, आणि स्वतःवर खूश होऊन बसले.

आत्या आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधी मागच्या दारात गेल्या आणि भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. "भित चांगली झालीया," म्हणाल्या. मग जरा वेळानं, "गवऱ्या कुटं ठिवल्यास?"

"बंबात घातल्या, आत्या."

आत्यांनी पिशवीतून लेकीनं दिलेले पापड काढले, डब्यात भरले, डब्याचं झाकण दोनदा लावलं. मला वाटलं, दमल्या असतील.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला. त्या गोवऱ्यांत काकडीच्या बिया होत्या. आमच्याकडे काकडी-भोपळ्याचं बी असंच जपतात: शेणात राख कालवायची, त्यात बी दाबायचं आणि ती थापी भिंतीला मारून द्यायची. कीड लागत नाही, उंदीर शिवत नाही, पावसाच्या तोंडाला काढून फोडायची. आणि हे बी साधंसुधं नव्हतं. आत्या लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या आईनं ते ओटीत घातलं होतं. त्यांचं माहेर तिकडे लवासाच्या बाजूच्या डोंगरात. आईवडील केव्हाच गेले, भावानं जमीन विकली आणि तो मुलाकडे राहायला गेला, घराला कुलूप आहे. भादव्यात आमच्याकडे कुणीही आलं की आत्या काकडी चिरून पुढ्यात ठेवायच्या आणि म्हणायच्या, माझ्या माहेरची हाय. गणपतीच्या चार दिवसांत मीही ती अठरा वर्षं खाल्ली होती. ती फोड खाताना मी काय ऐकत होते कोण जाणे.

करायला गेले गणपती, झाला मारुती. मी ओरडा खायची तयारी करून बसले. ओरडा आलाच नाही, आणि ते जास्त वाईट होतं. आत्या माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलत होत्या, फक्त परसातलं काही सांगत नव्हत्या. पाणी घाल म्हणायच्या नाहीत, खुरपं दे म्हणायच्या नाहीत. मी झारी उचलली की म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे, मी घालते." मोगऱ्याचा गजरा मात्र रोज करून माझ्या आरशापाशी ठेवायच्या. तो गजरा मला टोचायचा. या बाईनं आईचं एकच जपलं होतं आणि मी त्यावर अंघोळी केल्या होत्या. त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं तर मी समजू शकले असते. पण त्यांनी मला परसाबाहेर काढलं होतं, हळूच, एक शब्द न बोलता, आणि मला परत आत यायचं होतं.

तेव्हा मी जे केलं ते सांगायला मला अजून लाज वाटते, आणि थोडं हसूही येतं. मी पौडच्या बाजाराला गेले. पावसाच्या आधी तिथं एक म्हातारी पोत्यावर बियांच्या पुड्या मांडून बसते. मी विचारलं, "काकडी मावळीच आहे ना?"

"मावळातली काकडी मावळीच आसंल की," ती म्हणाली. "आनिक कुटली?"

एक पुडी घेतली. घरी आल्यावर पलीकडच्या गोठ्यातून शेण मागून आणलं. आत्या दुपारी पडल्या की पाण्याच्या टाकीमागे बसून मी शेणात राख कालवली, बी दाबलं, तळहाताएवढी गोवरी केली आणि टाकीवर कडक उन्हात ठेवली. तीन दिवस ती मी दर तासाला जाऊन पलटत होते. पोळी करपू नये म्हणून माणूस करतो तशी. वर थोडी जुनी धूळही चोळली, कारण काम केलं तर नीट करावं. चौथ्या दिवशी ती पदरात घेऊन आत्यांपुढे गेले आणि म्हटलं, "आत्या, एक सापडली. पाटा-वरवंट्याच्या मागं पडली होती."

आत्यांनी ती हातात घेतली. नाकाशी नेली. मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. "बरं झालं," म्हणाल्या. "खुरपं आन."

ते खुरपं आणायला मी पळत गेले. चाळिशी ओलांडलेली बाई चौदा पावलांच्या परसात पळत गेली.

पाऊस धरल्यावर आळी केली. एका आळ्यात तीन बिया, वर चिमूटभर राख. पाचव्या दिवशी दोन-दोन जाड पानं मातीला डोक्यानं ढकलून वर आली, बियांची टोपी अजून डोक्यावर. आषाढात वेल मांडवावर चढला. त्या वर्षी पाऊस पडत होता असं म्हणण्यात अर्थ नाही, आम्ही पावसाच्या आत राहत होतो. भिंतींना ओल, कपड्यांना ओल, मिठाला पाणी. डोंगर सकाळी असायचा, दुपारी नसायचा, चारच्या सुमाराला कुणीतरी पुन्हा आणून ठेवल्यासारखा असायचा. मांडवाखाली मात्र पाऊस वेगळा पडे. आधी पानांवर वाजे आणि मग उशिरानं, मोठ्या थेंबांनी, आठवेल तसा खाली येई. मी तिथं घोंगडं घेऊन उभी राहायची. खाली सगळा उजेड हिरवा. माझे हात हिरवे, आत्यांचे पांढरे केस हिरवे. रस्त्यावरून गाड्या जात, त्यांचे दिवे ओल्या पानांवरून सरकत जात, आणि आपण नेमकं कुठे आहोत, कुठल्या वर्षात आहोत, हे मला सांगता आलं नसतं.

फुलं आली, पिवळी. आधी नुसतीच, मग पाठीला बोटभर काकडी घेऊन आलेली. कोवळ्या काकडीकडे सरळ बोट दाखवायचं नाही, ती सडते, म्हणून आत्या बोट मुडपून दाखवायच्या: "ती बघ, पानामागं." मीही बोट मुडपून विचारायची, "ही?" असं आमचं संभाषण चाले, दोन बायका मुठी वळून पानांकडे हात करणाऱ्या. मी सुखात होते, आणि त्या सुखाच्या तळाशी भीती होती. काकडी मोठी होईल तेव्हा काय? जुनी कशी होती, पांढरट की हिरवी, पट्ट्यांची की बिनपट्ट्यांची? मी नवऱ्याला विचारलं. जन्मभर ती खाल्लेला माणूस विचार करून म्हणाला, "काकडीसारखी होती."

पहिली काकडी आत्यांनीच काढली. शेंड्याची चकती कापून ती चकती कापल्या जागी घासली, कडूपणा निघावा म्हणून. पांढरा फेस आला. मग फोड तोंडात टाकली. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होते. आत्या सावकाश चावत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "ग्वाड हाय," आणि उरलेली माझ्या हातात दिली.

भादव्यात नेहमीसारखी माणसं आली. गौरी-गणपतीला येणारे, भात बघायला येणारे, नव्या बिऱ्हाडातली ती नोकरीवाली मुलगीही. आत्या प्रत्येकापुढे ताटली ठेवत आणि म्हणत, "खा, माझ्या माहेरची हाय." खाणारा म्हणे, "तीच चव." मी स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण भांडी घासत बसे. फसवणूक यशस्वी झाली की माणसाला आनंद व्हायला हवा. मला प्रत्येक ताटलीबरोबर वाटत होतं, ही बाई आता आपल्या आईच्या नावानं बाजारातलं काहीतरी वाटते आहे, आणि तिला ते ठाऊक नाही, आणि ते मी केलं आहे.

एक काकडी त्यांनी बियाणाला धरली होती. तिच्या देठाला चिंधी बांधली म्हणजे कुणी चुकून तोडायला नको. ती वेलावरच फुगली, पिवळी झाली, मग भाजल्यासारखी तपकिरी झाली. वेल वाळला, झेंडू बहरून दसऱ्याला निघून गेला, तरी ती एकटी मांडवाला लोंबत होती. ऑक्टोबरचं ऊन पडायला लागलं तेव्हा एका दुपारी आत्यांनी ती उतरवली, चिरली, बी काढून धुतलं आणि सुपात वाळत घातलं. दोन दिवसांनी शेण आणलं, राख आणली आणि मला हाक मारली. "ये. औंदा तू दाब. माजी बोटं आता वळत न्हाईत."

मी त्यांच्यापुढे बसले. शेण मऊ होतं, बी पांढरंशुभ्र. मी एक बी उचललं आणि माझ्याकडून पुढं काही होईना. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, मी मरेपर्यंत हे खोटं मलाच पेरावं लागणार होतं. मी म्हटलं, "आत्या, हे तुमच्या माहेरचं नाही. मी पौडच्या बाजारातून आणलं. गोवरी मीच थापली होती."

आत्यांनी राखेचा हात पदराला पुसला. "सा-सात म्हयन्याच्या गवरीला वास येतो व्हय ग?" त्या म्हणाल्या. "हातात घेतली तवाच कळलं. अजून ताजं शेन होतं."

मला वाटलं, आता जमीन दुभंगावी. "मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? टाकीपाशी जाऊन तू ती पलटत हुतीस, ते मी खिडकीतनं तीन दिस बगतच हुते." त्या जरा हसल्या. मग हसू गेलं, आणि त्या सुपातल्या बियांकडे बघत बोलू लागल्या, मला सांगितल्यासारखं नाही, स्वतःशीच. "माजं लगीन झालं त्याच्या फुडच्या साली पाऊस लागला त्यो उघडंना. समदे येल कुजले. बियानाला म्हनून एक काकडी न्हाई ऱ्हायली. म्हनलं, पाऊस सरला की आईकडं जाऊन परत आनावं. तर त्याच श्रावनात आई गेली. भावजईनं तितलं परडं मोडलं. कुटं काय उरलं न्हाई."

"मग?"

"मग काय. सासू इचारायला लागली, तुज्या माहेरचं बी ठिवलंस ना? आई गेली ते सांगून झालं हुतं. आता बियानं बी गेलं, हे कसं सांगू? म्या बाजाराला गेले अन् पुडी आनली."

एवढी वर्षं गावाला वाटलेली ती काकडी. "पौडच्या बाजारातून?"

"दुसरा कुटला बाजार हाय हितं?" त्या म्हणाल्या. "चार-पाच वरसं जिवाला खायचं. माहेरची म्हनताना जीभ जड व्हायची. मग एकदा अशीच काकडी चिरत हुते, अन् आई कशी चिरायची ते हातातच आलं. कुनी शिकवल्यावानी. तवापासनं ती आईचीच हाय. आता मला कुनी किरिया घालून इचारलं तरी म्या आईचीच म्हनंल."

पलीकडे खोलीत कुणीतरी फोनवर इंग्रजीत बोलत होतं, कामाचं काहीतरी. ऊन सुपावर आलं होतं. आत्यांनी शेणाचा गोळा उचलून माझ्या पुढ्यात ठेवला.

"थाप," म्हणाल्या. "माज्या मागं कुनी इचारलं तर तुज्या आईची म्हन."

"आत्या, माझ्या आईनं जन्मात कधी मातीत हात घातला नाही."

"मंग आता घालू दे तिला," त्या म्हणाल्या.

आई गेल्यापासून मी रडले नव्हते. तेव्हा रडले, आणि रडता रडताच शेणात हात घातला.